आधी काटा, मग कुंकू

मी कॉइल आहे. तांब्याच्या तारेची, लाकडी कड्यांवर गुंडाळलेली. पंख्यातली किंवा मिक्सरमधली असेन असं समजू नका. त्या माझ्या चुलत बहिणी, कष्टाळू आणि तापट. मी काही फिरवत नाही, काही दळत नाही. परातीएवढी माझी दोन कडी समोरासमोर उभी असतात, मध्ये थोडी मोकळी जागा असते, आणि त्या जागेत मी जे करते ते कुणाला दिसत नाही. माझं सगळं दुखणं यातच आहे, आणि त्या दुखण्यापायी एका पोरीच्या जिवावर बेतलं होतं. तेच सांगायचंय.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतला, नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हाचा. तिथे ट्रान्सफॉर्मर बनवणारा एक लहानसा कारखाना होता आणि त्यात सुमती नावाची बाई वाइंडिंग करायची. तिच्यासमोर एक दिवस चित्रा येऊन उभी राहिली. चित्रा डोंबिवलीचीच, नवी डॉक्टरेट, ठाण्याला संशोधनाची नोकरी. बोलण्याची घाई अशी, की अर्धं वाक्य समोरच्यानंच पुरं करावं.

"दोन तारा? एकदम? शेजारी शेजारी?" सुमतीनं विचारलं.

"हो. बटण लाल ठिपक्यावर असलं की दोन्ही तारांतून वीज एकाच दिशेनं जायला हवी. पांढऱ्या ठिपक्यावर असलं की दुसरीतून उलटी."

"मग एकीचं दुसरी खाऊन टाकेल. उरणार काय?"

"काहीच नाही. तेच हवंय."

"अहो मॅडम, काहीच न होण्यासाठी एवढं तांबं घालायचं?"

चित्रा मनापासून हसली. सुमतीनं मान हलवत मला गुंडाळायला घेतलं, पण हात आखडला नाही. तिनं मला जुळी घडवली, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. लाल ठिपक्यावर मी काम करते. पांढऱ्यावर माझ्या दोन तारा एकमेकींनी केलेलं पुसून टाकतात. गंमत अशी, की दोन्ही वेळी मी सारखीच कोमट होते, सारखीच गप्प असते. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. माणूस आपल्याला हवं तेच बघतो, म्हणून त्याच्या डोळ्यांना लावलेली मी एक पट्टी आहे.

कोलशेतला कारखान्यांच्या रांगेत एका संशोधन संस्थेची बैठी इमारत होती. मागच्या खिडकीतून खाडी दिसायची. माझ्यासाठी तिथल्या एका खोलीतली लोखंडी कपाटं बाहेर काढली, सागवानी टेबल आणलं. प्रयोगशाळेचे प्रमुख हरिहर सर, नौपाड्यात राहणारे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या कड्यांमध्ये एक होकायंत्र ठेवलं. लाल ठिपका: काटा गर्रकन वळला. पांढरा ठिपका: काटा जागचा हलला नाही.

"झालं. तपासलं," सर म्हणाले, आणि होकायंत्र भौतिकशास्त्राच्या विभागाला परत पाठवून दिलं.

ते 'झालं' पुढे फार महागात पडलं.

माझं बळ केवढं म्हणाल, तर फ्रिजच्या दाराला चिकटणारं चुंबक माझ्यापुढे पहिलवान. पृथ्वीचं जे चुंबकत्व दिवसरात्र तुमच्या अंगावरून जातं, जवळपास तेवढंच मी निर्माण करते. एवढ्याशा बळानं मेंदूतल्या पेशीला काही कळतं का, हा चित्राचा प्रश्न होता. बहुतेक लोक या प्रश्नाला हसायचे. चित्रा चिडायची, आणि मग आणखी उशिरापर्यंत काम करायची.

पेशी यायच्या खाडीतून. कोलशेतच्या कोळीवाड्यातली मनुबाई ओहोटीला चिखलात उतरायची आणि बिनशंखाच्या काळ्या गोगलगायी पाटीत घालून आणायची. त्यांच्या मेंदूतल्या पेशी चांगल्या ठसठशीत असतात. मनुबाई त्यांना 'चिखलातली भुतं' म्हणायची, कारण त्या कुणी खात नाही, कुणी विकत घेत नाही, आणि पायाखाली आल्या तर अंगावर काटा येतो. चित्रा त्यांचा मेंदू बशीत ठेवायची, एका पेशीत काचेची केसासारखी सुई घालायची, आणि पेशी बोलायला लागली की स्पीकरमधून आवाज यायचा. टक्. टक्. टक्. हरिहर सर पडद्यामागे बटण फिरवायचे आणि लाल की पांढरा ते सांगायचे नाहीत. चित्रा नुसती ऐकायची. लाल ठिपक्यावर टकटक मंदावायची. दर वेळी नाही. पण हसणाऱ्यांनी गप्प बसावं इतक्या वेळा.

मनुबाई पाटी रिकामी करून जायची ती दारातच घुटमळायची. एकदा तिनं विचारलंच.

"बाय, ह्या चाकात असं काय हाय गो? भुतं गप कशी होतात?"

चित्रानं हातातलं काम ठेवलं. "मनुबाई, फुगडी खेळलीस ना?"

"म्हंजे काय! लगनाआधी माज्याशी कोन टिकत नव्हता."

"मग ऐक. पेशीच्या आत इतके बारीक कण असतात की दिसायचं नावच नको. ते जोडीजोडीनं असतात, फुगडी घालणाऱ्या दोन पोरींसारखे. कधी कधी त्यांचे हात सुटतात. पण लगेच थांबत नाहीत, क्षणभर आपापल्या जागी गिरक्या घेतात, आणि पुन्हा हात धरायला बघतात. त्या क्षणात कुणी एकीचा पदर अगदी हलका ओढला तर?"

"तोंड एकीचं हिकडं, दुसरीचं तिकडं. हात गावनार नाय."

"तेवढंच हे चाक करत असावं. पदर ओढतं. हात जुळले तर पेशीत एक पदार्थ बनतो, नाही जुळले तर दुसरा. आणि पेशी त्याप्रमाणे बोलते किंवा गप्प होते. असं मला वाटतं. अजून खात्री नाही."

मनुबाईनं शेवटचं वाक्य ऐकलं नाही. माणसं ते कधीच ऐकत नाहीत. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मग हळूच म्हणाली, "माजी मालू पन गप व्हईल का गो?"

मालू तिची धाकटी. नऊ वर्षांची, आणि तिला फिट यायच्या. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी फिट आटोक्यात होत्या. पण गोळ्यांनी पोर शाळेत पेंगायची, हिरड्या सुजायच्या, वर्गातली मुलं तिला 'झोपाळू' म्हणून चिडवायची. मनुबाईला फिटपेक्षा गोळ्यांचाच राग जास्त.

"नाही," चित्रा म्हणाली. "गोगलगाय वेगळी, माणूस वेगळा. लेकराचं डोकं मी या कड्यांत घालणार नाही. पुन्हा विचारू नकोस."

मला तेव्हा चित्राचा अभिमान वाटला.

मग आली खंडेनवमी. कोलशेतच्या सगळ्या कारखान्यांत लेथ, प्रेस, तराजू धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून बसले होते. आमच्या खोलीतही पूजा ठरली. चित्राच्या घरी देवाची उपकरणी चिंच-मिठानं घासून लख्ख करायची रीत, आणि माझे चार पितळी स्क्रू काळवंडलेले तिला बघवेनात. तिनं ते काढले. माझ्या दोन तारांची चार टोकं मोकळी झाली. तिनं स्क्रू चिंचेनं घासले, धुतले, पदरानं कोरडे केले, आणि पुन्हा बसवले. मायेनं केलं हो सगळं. पण जुळ्या तारांची टोकं दिसायला सारखी, आणि दुसऱ्या तारेची दोन टोकं तिनं उलटी लावली.

माझ्या अंगात जणू हाडाच्या जागी हाड बसलं, पण उलटं. मी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण मला ओरडता येत नाही, आणि त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, त्याला विश्रांती द्यायची असते. मला हळदकुंकू लागलं. नारळ फुटला. सगळ्यांनी हात जोडले आणि खोबरं खाल्लं. कुणी काटा ठेवून बघितलं नाही. पुसलेली, पुजलेली वस्तू बिघडलेली असेल असं आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही.

त्या दिवसापासून लाल ठिपक्यावर मी पोकळ झाले, आणि पांढऱ्या ठिपक्यावर भरलेली.

दसऱ्यानंतर प्रयोग पुन्हा सुरू झाले, आणि चित्राच्या हातातून वाळू निसटावी तसं सगळं निसटत गेलं. आता पेशी पांढऱ्यावर मंदावत होत्या आणि लालवर मजेत टकटकत होत्या. बरोबर उलट. आतून मी म्हणत होते, अगं, पेशी खोटं बोलत नाहीत, टोकं बघ! पण चित्रानं टोकं बघितली नाहीत. तिनं सुया बदलल्या, पाणी बदललं, गोगलगायी बदलल्या.

"चित्रा," हरिहर सर एका संध्याकाळी म्हणाले, "दिवाळीच्या आधी पैसे देणारी समिती येतेय. त्यांना काय दाखवायचं? आधी लाल, आता पांढरा. याला निष्कर्ष नाही म्हणत, योगायोग म्हणतात. मी तुझ्या बाजूनं फार दिवस भांडलोय गं."

चित्राचे डोळे भरले होते. स्वतःवरचा तिचा विश्वास उडाला होता आणि तेही माझ्याच समोर, मी सगळं जाणत असताना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा वेळी मनुबाई पुन्हा दारात उभी राहिली. या खेपेला मालूचा हात धरून.

"बाय, तुमी नाय म्हनता तर मी कोपरीला जाते. थितं एक बुवा हाय, डोक्याला लोहचुंबक बांधतो. सात मंगळवार. पन तो म्हनतो का गोळ्या बंद करायच्या, न्हायतर गुन येनार नाय."

चित्राचा चेहरा पांढराफटक पडला. "गोळ्या बंद? मनुबाई, वेड लागलंय का? एकदम बंद केल्या तर पोरीच्या जिवावर बेतेल!"

"मंग तुमी बसवा."

चित्रा खिडकीपाशी गेली. खाडीकडे बघत राहिली. ती काय विचार करत होती ते मला कळत होतं, कारण तिची नजर दोनदा माझ्या बटणाकडे गेली. पांढरा ठिपका. तिथे काहीच होत नाही. पोर बसेल, आईचं समाधान होईल, बुवा टळेल, गोळ्या चालू राहतील. कुणाचं काय बिघडतंय?

"बरं," ती वळून म्हणाली. "बसवते. दर शुक्रवारी, थोडा वेळ. पण गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. शपथ घे."

"देवाशपथ, बाय."

पहिल्या शुक्रवारी मालू लाकडी स्टुलावर बसली. तेल लावलेलं डोकं, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. तिचं डोकं माझ्या दोन कड्यांच्या बरोबर मध्ये आलं. चित्रानं तिच्या गालाला हात लावला, "काही होणार नाही हं, राजा," असं म्हणाली, आणि पूर्ण विश्वासानं बटण पांढऱ्या ठिपक्यावर फिरवलं.

आणि मी पूर्ण ताकदीनिशी त्या पोरीच्या डोक्यातून वाहू लागले.

मी किती घाबरले ते कसं सांगू? मी पदर ओढते, एवढं मला ठाऊक आहे. त्या लहानग्या मेंदूत, जिथे आधीच कधी कधी सगळ्या फुगड्या एकदम उधळतात, तिथे माझ्या ओढण्यानं काय होईल, शांत होईल की भडकेल की काहीच होणार नाही, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. आजही नाही. मी फक्त आहे की नाही एवढंच मला कळतं. मी काय करते ते दुसऱ्यानं शोधायचं असतं. मालू पाय हलवत बसली होती. मनुबाई कोपऱ्यात डोळे मिटून तिच्या देवीचं नाव घेत होती. चित्रा पाठमोरी होती. खोलीतल्या तिघींतल्या एकीलाही मी तिथे असल्याचं माहीत नव्हतं.

काही झालं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. फिट आलीच नाही, कारण गोळ्या चालू होत्या. पण मनुबाईनं श्रेय मला दिलं. ती जाताना मला हात लावून नमस्कार करायची. चित्रा नजर चुकवायची.

दिवाळीच्या तोंडावरचा शुक्रवार. दुपारची वेळ. समिती सोमवारी येणार होती. मालू आली ती मूठ आवळून.

"काय आणलंस गं?" चित्रानं विचारलं.

मालूनं मूठ उघडली. जुनं पितळी होकायंत्र होतं, काचेला तडा गेलेलं. "आजाचं हाय. गोमाजीआजा उत्तनच्या होडीवर जायचा ना, तेवाचं. तो म्हनला, भ्या वाटला तर हातात धर, वाट गावते."

"आज भीती का वाटतेय?"

"आज माजं डोस्कं कसंतरीच करतंय."

चित्रा क्षणभर थांबली. पण मनुबाईनं "नुसती कारनं सांगते, सकाळी शाळेला जाताना पन असंच म्हनली," असं म्हणून मालूला स्टुलावर बसवलं. मालूनं होकायंत्र तळहातावर धरून हनुवटीपाशी नेलं. चित्रानं बटण पांढऱ्यावर फिरवलं.

"बाई," मालू म्हणाली, "काटा पळाला."

"हात हलला असेल तुझा."

"नाय हलला. बगा."

चित्रा वाकली. काटा उत्तरेला नव्हता. माझ्याकडे तोंड करून थरथरत होता. तिनं बटण बंद केलं, काटा परत उत्तरेला. पांढरा, काटा वळला. लाल, काटा सरळ. पुन्हा पांढरा. काटा पुन्हा वळला. चित्राचा हात बटणावरच राहिला. तिची नजर माझ्या चार स्क्रूंवर गेली, चिंचेनं लख्ख केलेल्या, आणि मला दिसलं की तिला सगळं कळलं. एका श्वासात दोन गोष्टी कळल्या. तिचे प्रयोग फसले नव्हते. सर पडद्यामागे फसले होते, ती फसली होती, पण पेशी फसल्या नव्हत्या. आणि दुसरी गोष्ट तिच्या समोर स्टुलावर बसली होती.

तेवढ्यात मालूच्या हातातून होकायंत्र टेबलावर पडलं.

तिची मान एका बाजूला ओढली गेली. डोळे वर गेले. स्टूल कलंडलं आणि चित्रानं तिला जमिनीवर आपटण्याआधी कवेत धरलं. छोटं अंग नुसतं उडत होतं. मनुबाई किंचाळली आणि पोरीच्या नाकाला लावायला पायातली चप्पल काढू लागली.

"चप्पल नको! कुशीवर वळव तिला! तोंडात काही घालू नकोस!" चित्रा ओरडली. "सर! सर, रिक्षा बोलवा!" आणि मग मनुबाईचा दंड धरून, "गोळी दिलीस ना सकाळी? मनुबाई, गोळी दिलीस ना?"

मनुबाईनं तोंडावर पदर दाबला.

"बोल!"

"बंद केल्या, बाय. ह्या चाकानं बरी झाली ना ती... मी म्हनलं, आता कशाला..."

फिट थांबली, असं वाटेपर्यंत दुसरी आली. हरिहर सरांनी पोरीला उचललं. सगळे धावत गेले. दार उघडंच राहिलं, पंखा फिरत राहिला, आणि माझं बटण पांढऱ्यावरच होतं.

ते तास माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. मी कोमट होत राहिले. रिकाम्या जागेत वाहत राहिले. माझ्या कड्यांमध्ये पडलेल्या होकायंत्राचा काटा माझ्याकडेच बोट दाखवून उभा होता. पोर जिवंत आहे की नाही, हे मला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. गोळ्या सुटल्यामुळे झालं, की माझ्यामुळे, की दोन्हींमुळे? त्या काट्याला मी विचारत होते. पण काट्यालाही तेवढंच ठाऊक, जेवढं मला.

आधी हरिहर सर परतले. बटण बंद करायला वाकले, आणि त्यांना काटा दिसला. त्यांनी बंद केलं, चालू केलं. लाल, पांढरा. मग माझे स्क्रू बघितले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, वरचं बटण लावणाऱ्या त्या कडक माणसाच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. ते मी कधी विसरणार नाही. माझा जन्म सार्थकी लागावा असा तो क्षण, आणि मला त्याची शिसारी आली.

दिवेलागणीला चित्रा आली. पदराला पोरीची लाळ लागलेली.

"शुद्धीवर आलीय," ती म्हणाली. "पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, वाचली."

मी सैल झाले. तांबं निवतं तशी.

"देवाची कृपा," सर म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. "चित्रा, तुझ्या ध्यानात आलंय ना? टोकं उलटी लागली होती. तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आणि पेशींना ठाऊक होतं! याहून चांगला पुरावा ठरवूनसुद्धा मिळाला नसता. सोमवारी समितीला हेच सांगू."

"आणि आपल्याला कळलं कसं, ते काय सांगू?"

"आपण तपासलं आणि कळलं. त्यात त्या पोरीचा काय संबंध?"

"सर, तिच्या हातातल्या काट्यानं कळलं. ती माझ्यासमोर, मी सांगितलेल्या जागी बसली होती. पेशींना ठाऊक होतं म्हणता, मग मालूच्या मेंदूला नसेल का?"

सरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि खुर्चीत बसले.

सोमवारी चित्रानं समितीला सगळं सांगितलं. स्क्रू, चिंच, पांढरा ठिपका, मालू. काही वगळलं नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे परिणाम खरा आहे असं आपलं म्हणणं?" चित्रा म्हणाली, "असावा. पुन्हा पहिल्यापासून करून बघावं लागेल." त्यांनी मान डोलावली, आणि प्रकल्प बंद केला. ज्या प्रयोगशाळेत आजारी मूल यंत्रात बसवतात, तिथलं खरंसुद्धा कुणाला नको होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्याहून अवघड काम आधीच, रविवारी झालं होतं. मनुबाई होकायंत्र न्यायला आली होती. पाटी आणली नव्हती. चित्रा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मनुबाई, मी तुला फसवलं. चाक चालू आहे असं तुला भासवलं, आणि माझ्या मते ते बंद होतं. पण ते खरोखरच चालू होतं. ते मलाही ठाऊक नव्हतं."

मनुबाईनं ऐकून घेतलं. "तू मना फशिवलंस, आनि चाकानं तुला."

"चाकानं नाही. मीच."

"मंग माज्या पोरीला झालं ते कशानं झालं?"

"माहीत नाही."

"गोळ्यांनी का चाकानं?"

"बहुतेक गोळ्या बंद केल्यानं. पण खात्रीनं मला सांगता येत नाही."

"एवढी शिकलीस," मनुबाईचा आवाज चिरकला, "आनि तुला म्हाइत नाय?"

ती होकायंत्र घेऊन निघून गेली. त्यानंतर कोळीवाड्यातून एकही गोगलगाय आली नाही.

मी अडगळीत गेले. वर तुटक्या खुर्च्या, खाली उंदरांची लगबग. एका उंदरानं माझं वेष्टण कुरतडायचा प्रयत्न केला. सुमतीनं घट्ट गुंडाळलं होतं म्हणून वाचले. तेवढ्या काळात मी फार विचार केला. माणसं मला पूजतात किंवा अडगळीत टाकतात. मधली एक जागा असते, शांतपणे तपासून बघण्याची, तिथे ती फार वेळ थांबत नाहीत.

मग एक दिवस चित्रा आली. केसांत पांढरी बट दिसत होती. संस्था सोडून ती ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होती, आणि भंगारात जायच्या आधी तिनं मला, सुयांच्या आणि स्पीकरच्या पेटीसकट, मागून घेतलं. आता मी तिथल्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ असते. मुलं माझ्या कड्यांत काटा ठेवून चुंबकत्व शिकतात आणि माझ्या लाकडावर आपली नावं कोरतात. मला चालतं.

आता नव्वदचं दशक सरत आलंय, आणि यंदा बारावीच्या वर्गात एक सावळी, उंच पोर दिसली. एकच लांब वेणी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जागीच थांबली.

"हे चाक आहे ना, मॅडम?"

चित्राच्या हातातला खडू थांबला. "मालू?"

मालू गोळ्या नियमित घेत होती. नवीन, कमी पेंगवणाऱ्या. आईनं त्या दिवसापासून एकही चुकवू दिली नव्हती. पण आईसमोर चित्राचं नाव काढायची सोय नव्हती. तरी मालू तासाला पहिल्या बाकावर बसायची, आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन डबा खायची.

एकदा ती हसत हसत आली. "मॅडम, काल कोपरीत स्टेशनबाहेर एक जण चुंबकाचे पट्टे विकत होता. डोकेदुखी, सांधेदुखी, फिट, सगळ्यावर एकच पट्टा. मी बोलले, दादा, यात थोडे बिनचुंबकाचे पट्टे पण मिसळा ना, आणि कुठला कुठला ते तुम्हाला पण कळू देऊ नका. मग बघू कोण बरं होतं."

"मग?"

"मग काय, बोलला, ए बाई, धंद्याच्या टायमाला डोकं नको खाऊ!"

चित्रा इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग नुसतंच पाणी राहिलं.

परवा खंडेनवमी होती. मुलांनी झेंडूच्या माळा आणल्या, कुणीतरी हळदकुंकवाचा करंडा आणला. एक मुलगा माझे स्क्रू काढायला पान्हा घेऊन पुढे आला.

"थांब," मालू म्हणाली. "आधी काटा, मग कुंकू."

तिनं दप्तरातून तडा गेलेलं पितळी होकायंत्र काढलं आणि माझ्या मधोमध ठेवलं. लाल, काटा वळला. पांढरा, काटा सरळ. तिनं तो दोनदा बघितला, मुलांना बघायला लावला, आणि मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आजवर लागलेल्या सगळ्या कुंकवांत मला तेच तेवढं अंगी लागलं.

मुलं गेल्यावर ती तिथेच रेंगाळली. "मॅडम, त्या दिवशी मला नक्की कशानं झालं?"

"माहीत नाही गं मालू. अजूनही नाही."

"मला वाटलंच तुम्ही हेच बोलणार." तिनं टेबलाखालून एक ओली पिशवी वर काढली आणि अलगद चित्रासमोर ठेवली. पिशवीतून खाडीचा वास आला. आत चिखल होता, आणि चिखलात काहीतरी काळं, सावकाश हलत होतं.

"आईनं दिल्यात," मालू म्हणाली. "सकाळी ओहोटीला गेलेली, स्वतःहून. बोलली, तुझ्या बाईला सांग, आता नीट बघ म्हनावं."

चित्रानं पिशवी दोन्ही हातांनी जवळ घेतली.

तर वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. मला पुसा, पुजा, माळा घाला, मी नाही म्हणणार नाही. अडगळीत टाकलंत तरी सोसेन. पण माझ्यावर विश्वास ठेवायच्या आधी, आणि माझ्यावर हसायच्याही आधी, एकदा काटा ठेवून बघा. माझे चारही स्क्रू आज आपल्या जागी घट्ट आहेत, आणि बशीतली पेशी बोलायला लागलीय. टक्. टक्.